घोड्याचे पाणी व निगा

घोड्याचे पाणी व निगा : पाळीव घोड्याला रोज लागणारे पाणी, ते पाजण्याची रीत आणि तिला जोडून येणारी वैरण, मीठ, खरारा व खुरांची काळजी. साधारण ५०० किग्रॅ. वजनाचा, विशेष काम नसलेला घोडा थंड हवेत दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी पितो. कडक उन्हात, ओढकामात किंवा घोडी अंगावर पाजत असेल तर हीच गरज दुपटीवर जाते. हिरव्या चाऱ्यातून बरेच पाणी पोटात जाते. सुक्या गवतावर व कडब्यावर ठेवलेल्या जनावराला ते वेगळे पाजावेच लागते.

घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचा चारा मुख्यतः मोठ्या आतड्यात आंबतो आणि तिथे पाण्याचा मोठा साठा असतो. पाणी कमी पडले की चोथा घट्ट होऊन अडकतो व पोटशूळ उठतो. घोडा वळून वळून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नये, पशुवैद्याला बोलवावे. लीद कोरडी व लहान गोळ्यांची पडू लागणे ही त्याआधीची खूण असते आणि ती ठाण झाडणाऱ्यालाच पहिल्यांदा दिसते. पाणी पुरते की नाही हे पाहण्यासाठी मानेची किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट व्हावी. हिरडी बोटाने दाबल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी.

घोड्याच्या घामात क्षार भरपूर असतात. पाण्याबरोबर तेही निघून जात असल्याने खूप घामेजलेल्या घोड्याला पुरेशी तहानच लागत नाही. पाण्यावर नेलेला घोडा तोंड फिरवतो तो दर वेळी हट्टाने नव्हे. म्हणून रोजच्या खाण्यात मीठ हवे, चाटण्यास मिठाचा खडा हवा.

दौडून आलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, हा समज अजून अनेक तबेल्यांत पक्का आहे. त्याला फारसा आधार नाही. घोडा चालवत चालवत थोडे थोडे पाणी द्यावे आणि अंगावर गार पाणी ओतून निथळू द्यावे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनानंतर ही पद्धत स्पर्धांत रुळली. आधी पाणी, मग चंदी (दाण्याचा खुराक) हा जुना नियम ठरलेल्या वेळीच पाणी पाजण्याच्या काळातला आहे. हौद सतत भरलेला असेल तर त्याची गरज उरत नाही.

मराठी पागेत चंदी-वैरणीचा हिशेब किती बारकाईने पाहिला जाई, हे शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून कळते. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि छावणीतील लोक रयतेला नाडू लागतील, अशी ताकीद त्यात आहे.

रोज खरारा, खुरांच्या तळाची सफाई आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदी एवढे नेमाने झाले तरी बरेच साधते. हौदाला शेवाळ धरू देऊ नये. वास येणाऱ्या पाण्याला घोडा तोंड लावत नाही. तापीकाठच्या सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात मात्र सामाईक हौद टाळून प्रत्येकाने आपली बादली न्यावी. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग दूषित पाणी व चाऱ्यातून पसरतो. त्याच्यावर लस नाही, आणि निदान पक्के झाले की घोडा कायद्याने मारावा लागतो.