अथेन्सचे घुबडांकित नाणे : शैली, विश्वासार्हता आणि प्रतवारी

ग्रीक नाण्यांच्या कलात्मकतेची चर्चा बहुधा सिरॅक्यूजपासून सुरू होते. इ.स.पू. ४०० च्या सुमारास किमोन आणि एवेनेटोस या ठसेकारांनी तेथील दहा द्राख्मांच्या नाण्यांच्या ठशांवर स्वतःची नावे कोरली. त्यांच्या शेजारी अथेन्सचे चार द्राख्मांचे रौप्य नाणे ठेवले, तर ते जुनाट वाटते. दर्शनी बाजूस शिरस्त्राणधारी अथीना. मागील बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि नगराच्या नावाची तीन आद्याक्षरे. देवीचा चेहरा एका बाजूने दाखविलेला, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा. शिल्पकलेतून केव्हाच मागे पडलेली ही रीत पार्थेनॉन उभारणाऱ्या नगराच्या नाण्यावर पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून राहिली.

यास कारागिरांचे अकौशल्य मानणे योग्य ठरणार नाही. लॉरियनच्या खाणींतील चांदी हा अथेन्सच्या सत्तेचा पाया होता. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे समृद्ध साठा लागला, तेव्हा थेमिस्टोक्लीसच्या आग्रहावरून ते धन नागरिकांत न वाटता युद्धनौकांवर खर्च झाले आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसचा विजय शक्य झाला. सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे हे नाणे पुढे इजिप्तपासून सीरियापर्यंत चालू लागले. दूरदेशीच्या व्यापाऱ्याला ओळखीचा चेहरा हवा होता. रूप बदलले असते तर विश्वास डळमळला असता.

तो विश्वास अखेर डळमळला तो युद्धामुळे. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेकेलिया येथे तळ ठोकला, वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले आणि खाणकाम विस्कळीत झाले. त्यानंतर तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढण्याची वेळ आली. इ.स.पू. ४०५ च्या 'बेडूक' नाटकात ॲरिस्टोफेनीसने या खोट्या नाण्यांवरून नगराच्या नेतेनिवडीची खिल्ली उडविली आहे.

इ.स.पू. ३७५-७४ मधील निकोफोनचा कायदा हा या संदर्भातील सर्वांत बोलका पुरावा होय. १९७० साली अथेन्सच्या बाजारचौकाच्या उत्खननात त्याचा शिलालेख मिळाला. त्यानुसार नाणी पारखणारा सार्वजनिक गुलाम सराफांच्या पेढ्यांजवळ बसे. अस्सल नाणे स्वीकारणे विक्रेत्यास बंधनकारक होते. खोटे नाणे आरपार छेदून देवमातेच्या मंदिरास अर्पण केले जाई. पारख्याने कामात हयगय केल्यास त्याला पन्नास फटके!

आधुनिक प्रतवारीची अडचण येथेच उद्भवते. अमेरिकेतील व्यावसायिक पद्धतीत झिजेच्या श्रेणीबरोबरच ठशाचा उठाव व पृष्ठभाग यांना प्रत्येकी पाचपैकी गुण मिळतात. ठसा चकतीच्या मध्यभागी बसला की नाही, हेही पाहिले जाते. नाणे हाताने ठोकले जात असल्याने घुबडाची शेपटी वा शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर जाणे नित्याचे होते. या कसोट्या सौंदर्यापुरत्या उचितच आहेत. मात्र छिन्नीचा घाव त्यांच्या लेखी निव्वळ दोष ठरतो. इजिप्त व पूर्व भूमध्य किनाऱ्यावर सापडलेल्या अनेक घुबडांकित नाण्यांवर असे घाव आढळतात. तेथे नाण्याचे मोल शिक्क्यावर नव्हे, तर धातूवर ठरत असे. आत तांबे नाही ना, हे कोणीतरी पाहून घेतलेले असे. बाजारात अशा नाण्याची किंमत घसरते. घाव बुजवून देखणे केलेल्या नाण्यावरून मात्र त्या तपासणीची खूणच नाहीशी झालेली असते.