दुअंमली

थर्ड इयरला असताना, अमरावतीच्या होस्टेलवर एका रात्री मी लॅपटॉपमध्ये विंडोजशेजारी उबुंटू टाकायला बसलो. इन्स्टॉलरने जागा विचारली, मी चुकीचं पार्टिशन निवडलं आणि फॉरमॅट करून टाकलं. प्रोजेक्ट गेला, घरचे फोटो गेले. चूक माझीच. बॅकअप घेतला नव्हता.

शनिवारी एसटीने अकोल्याला घरी गेलो. आजोबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. एका मशीनमध्ये दोन सिस्टिम कशा राहतात, ते मी त्यांना सांगितलं. ते हसले. "म्हंजे तुह्या मशिनीत दुअंमली हाय म्हन की! आपल्या वऱ्हाडात लय वर्षं होती ते."

दुअंमली म्हणजे एका मुलखावर दोघांचा अंमल. १७२४ मध्ये बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला हरवलं आणि दख्खनची सत्ता त्याच्या हाती आली. वऱ्हाडाचा त्याचा कारभार एलिचपुरातून, म्हणजे आजच्या अचलपुरातून चाले. पण त्याआधीच, १७१९ मध्ये, दख्खनच्या सुभ्यांत चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करायचा हक्क बादशहाने मराठ्यांना दिला होता. वऱ्हाडात तो हक्क नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी घट्ट बसवला. नावाने मुलूख निजामाचा, वसुलीला मात्र निजामाचेही कामगार आणि भोसल्यांचेही. गाव एक, वावर एक, मागणारे दोन.

आता लॅपटॉपकडे येऊ. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. त्याच्यासोबतच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडायची सोय होती, म्हणजे एकाच डिस्कवर वेगवेगळ्या सिस्टिम राहू शकतील. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळा करार मावायचा: ४४६ बाइट्स सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट्स चार भागांच्या नोंदीला, उरलेले दोन सहीपुरते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं. पुढे लिलो आणि मग ग्रब असे बूटलोडर आले. मशीन सुरू होताना 'कोणाला उठवू?' असं विचारणारा काळा मेनू तो हाच.

इथे आजोबांच्या उपमेत एक फरक आहे. ड्युअल बूटमध्ये दोन सिस्टिम एका वेळी राज्य करत नाहीत. एक जागी असताना दुसरी झोपलेली असते. खरी दुअंमली होते ती दोघी एकाच भागाला हात लावतात तेव्हा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं, तर शटडाउन केल्यावरही विंडोज त्या ड्राइव्हवरचा ताबा पूर्ण सोडत नाही. मग लिनक्समधून तिथल्या फाइल्स वाचता येतात, लिहिता येत नाहीत. घड्याळाचंही तेच. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. म्हणून सिस्टिम बदलली की आपल्याकडे घड्याळ साडेपाच तास सरकतं.

वऱ्हाडातली ती दुअंमली बंदुकीने मोडली. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडच्या अडगावला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर वेलस्लीने भोसल्यांना हरवलं. देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला. पण एकाचा अंमल फार टिकला नाही. फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड ताब्यात घेतलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९०३ पासून कारभार मध्य प्रांताला जोडला, तरी नागपूरकडे मालगुजारी आणि वऱ्हाडात रयतवारी अशा दोन पद्धती चालूच राहिल्या. कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश इंडियात नव्हतंच. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' किताब मिळाला. मालकीचं नाव एकाचं, चालवणारा दुसराच.

या दोनशे वर्षांत एक गोष्ट बदलली नाही. मेनू कधीच कुणब्यासमोर आला नाही. कोणाचा अंमल, किती हिस्सा, हे कधी दिल्लीत ठरलं, कधी हैदराबादेत, कधी नागपुरात, कधी कलकत्त्यात. कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

म्हणून मला २०१२ चा वाद महत्त्वाचा वाटतो. विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं. सही असलेलीच सिस्टिम सुरू होणार, आणि बहुतेक मशीनमध्ये ती सही मायक्रोसॉफ्टची. व्हायरसपासून संरक्षण हे कारण खरंच आहे. पण फेडोरा, उबुंटूलाही आपला छोटा बूटलोडर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागला. साध्या पीसीवर हे बंद करायची सोय अजून असते. पुष्कळ फोनमध्ये तीही नसते. पैसे आपण मोजतो, आणि आत काय चालणार हे दुसरंच कोणी ठरवतं.

त्या सोमवारी होस्टेलवर परतल्यावर मी पुन्हा उबुंटू टाकलं. या वेळी आधी बॅकअप घेतला, फास्ट स्टार्टअप बंद केलं, पार्टिशनचा आकार दोनदा वाचला. गेलेले फोटो परत आले नाहीत. पण मशीन चालू केलं की तो काळा मेनू येतो, दहा सेकंद थांबतो आणि मला विचारतो. आजोबांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "तुले इचारते तं. आमच्या बापाले कोनं इचारलं होतं?"