पारख एका पानाची

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून आपला फराळ सुरू होत नाही. दिवाळीच्या अंकात गांज्याचा विषय काढला म्हणून माजघरातल्या वाचकांनी भुवया उंचावू नयेत. हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा. लाडू-चकल्या पुढच्या पानांवर आहेतच.

खरे म्हणजे आम्हां नांदेड-लातूरकडच्या माणसांना गांज्याचे पान ओळखू आले नाही तरी त्याच्यासारखे दिसणारे एक पान फार जवळचे आहे. ते म्हणजे अंबाडीचे. तुरीच्या किंवा ज्वारीच्या शेताच्या कडेला अंबाडीचे तास नाही असे रान पूर्वी आमच्याकडे क्वचितच सापडे. कोवळी पाने भाजीला, बी तेलाला, साल दोराला आणि उरलेल्या सणकाड्या चुलीला. बैलाचा कासरा, गाईचे दावे, मोटेचे नाडे, बाजेची वीण, सगळे तिच्याच जिवावर. तिची आंबट भाजी, वर लसणाची चरचरीत फोडणी आणि ज्वारीची गरम भाकरी. याहून अधिक वर्णन केले तर वाचक लेख टाकून स्वयंपाकघरात जातील.

या अंबाडीचे वरच्या अंगाचे पान हाताच्या पंजासारखे फाटलेले आणि कडेला दातेरी असते. गांज्याचेही तसेच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे नाव ठेवले ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, म्हणजे गांज्यासारख्या पानाची जास्वंद. कूळ मात्र भेंडी-जास्वंदीचे, नशेचा तिच्यात लवलेशही नाही. इंग्रजांनी तर कहरच केला. ज्याच्या सालीचा दोर होतो ते सगळे त्यांना ‘हेम्प’! अंबाडी झाली ‘डेक्कन हेम्प’, ताग झाला ‘सन हेम्प’ आणि गांजा-भांग झाली ‘इंडियन हेम्प’. तीन कुळांची तीन झाडे एका आडनावाखाली नांदू लागली. आमच्या खेड्यातली निरक्षर म्हातारी तिन्ही झाडे अंधारात चाचपून ओळखील. पण साहेबाच्या दप्तरात ती एकच. दप्तरातल्या नावामुळे माणसांचे काय होते, हे आता पाहू.

२ मार्च १८९३ रोजी विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या सभासदाने हिंदुस्थानातील गांज्याबद्दल प्रश्न विचारला. गांज्याने हिंदी लोकांची नीती बिघडते, वेडाची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असा तेव्हा बोलवा होता. सरकारने त्याच वर्षी जुलैत एक कमिशन नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमनी, कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन आणि तीन हिंदी गृहस्थही होते. कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. १८९४ साली त्याचा अहवाल निघाला तो काही एका पोथीत मावणारा नव्हता. त्याचे खंडच्या खंड झाले.

त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री बराच वेळ झोप आली नाही. १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. कमिशनने या प्रत्येक माणसाची चौकशी आरंभली. तो कोणत्या गावचा, घरचे काय म्हणतात, पूर्वी काय करी, आधी वेड की आधी चिलीम? आणि उलगडा झाला तो असा. रोग्याबरोबर पोलिसांचा एक छापील कागद येई. त्यात ‘कारण’ असा एक रकाना असे. रकाना कोरा ठेवणे कारकुनी धर्मात बसत नाही. रस्त्यात सापडलेला बैरागी असला, किंवा कोणीतरी ‘कधीमधी ओढत असेल’ म्हटले, की ‘गांजा’ लिहून मोकळे व्हावयाचे! त्या कागदावरून ते इस्पितळाच्या वहीत उतरे, वहीतून वार्षिक अहवालात आणि अहवालातून पार्लमेंटात. चौकशीअंती २२२ चे ९८ उरले. त्यांतही नुसत्या गांज्या-भांगेवर बोट ठेवता येईल असे ६१.

म्हणजे गांजा निर्दोष ठरला असे कोणी समजू नये. अतिसेवनाने शरीर व मन दोन्ही खचतात हे कमिशननेही मान्य केले. कोवळ्या वयात आणि नित्य ओढणाऱ्याला मनोविकाराचा धोका अधिक, हे आजचे वैद्यक सांगतेच. पण ६१ ला २२२ म्हणणे ही वेगळीच नशा आहे, आणि ती राज्यकर्त्यांना चढते. सरसकट बंदी नको. परवाने, कर आणि देखरेख यांनी आळा घालावा, असा कमिशनचा निष्कर्ष पडला. त्यात सरकारला मिळणाऱ्या महसुलाचा विचार नव्हताच असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. तरीही एकेका वेड्याच्या मागे जाऊन त्याची हकीकत विचारणारे सरकारी कमिशन ही दुर्मिळ वस्तू खरी.

याच अहवालात आपल्या ओळखीचे एक नाव भेटते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संकलक जेम्स कॅम्पबेल तेव्हा मुंबईस जमीनमहसूल, जकात व अफू या खात्यांचे कलेक्टर होते. त्यांनी भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक टिपण लिहून दिले. शंकराशी तिचे नाते, गोसावी-फकिरांचा तिच्यावरील विश्वास, हे त्यांनी पुष्कळ आस्थेने मांडले आहे. जकातीच्या साहेबाने भांगेचे माहात्म्य लिहावे, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची!

आता पीक घेणाऱ्याकडे वळू. त्या काळी मुंबई इलाख्यात गांज्याची लागवड मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होई. मध्यप्रांतात खांडव्याकडे आणि बंगालात नौगावला. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. ओढणाऱ्याला दोन राज्यांमधली सरहद्द दिसत नसे, ती जकातीच्या शिपायालाच दिसे.

हे पीक लाडात वाढलेल्या एकुलत्या एका मुलासारखे. याच्यात नर झाड वेगळे आणि मादी वेगळी. गांजा म्हणजे मादी झाडाचे बीज न धरलेले तुरे. शेतात एक नर जरी राहिला तरी वाऱ्याने पराग उडून सारे तुरे बियांनी भरतात आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. म्हणून नौगावचे शेतकरी पैसे देऊन खास माणूस बोलावीत. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. फूल उमलण्यापूर्वी, झाडाच्या नुसत्या ठेवणीवरून तो नर ओळखी आणि मोडून टाकी. एकदा फिरून भागत नसे, चुकलेले नर काढण्यासाठी पुन्हा पुन्हा फिरावे लागे. इंग्रजांनी त्याला ‘गांज्याचा डॉक्टर’ म्हटले. मला आपला ‘पारखी’ हाच शब्द अधिक शोभतो असे वाटते.

पारखी चांगला मिळाला तरी ऐन तुऱ्यात पाऊस आला की कुजणे आलेच. त्यातून वाचलेला माल सरकारी गोदामात पडून जुना झाला की त्याचा गुण उतरे, आणि असा शिळा माल जाळून टाकीत. शेतकऱ्याला मनास येईल त्याला विकण्याची मुभा नव्हती. परवान्यावाचून पान हलत नसे. एकट्यादुकट्याचे यात निभणे कठीण. नौगावच्या शेतकऱ्यांनी अखेर १९१७ साली सहकारी संस्था काढली. विक्री तिच्यामार्फत होऊ लागली आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालले. गांज्याच्या पैशावर पोरे बाराखडी शिकली!

नर-मादीच्या या कोड्याने विद्वानांनाही चकवले आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेनचा प्राध्यापक कामेरारियस याने वनस्पतींतही स्त्री-पुरुष भेद असतो हे १६९४ साली एका प्रसिद्ध पत्रात मांडले. एरंड, तुती यांवरचे त्याचे प्रयोग साधले. पण भांगेच्या झाडाने दगा दिला. मादी झाडे वेगळी ठेवूनही त्यांना थोडे बी धरलेच. बिचारा चक्रावून गेला. आज आपल्याला ठाऊक आहे की या झाडाचा पराग वाऱ्यावर फार दूरवर जातो, आणि झाडाला ताण पडला तर मादीवरच क्वचित नरफुले येतात. सिद्धांत बरोबर असून प्रयोग फसला म्हणून त्याने ना सिद्धांत सोडला, ना फसलेला प्रयोग लपवला. पत्रात दोन्ही लिहून ठेवले.

ही हकीकत मी टोरांटोस राहणाऱ्या माझ्या भाच्याला फोनवर सांगितली, त्याला कारण झाले. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावण्याची मुभा आहे. जर्मनीतही १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडे चालतात. तिकडच्या थंडीत ही बाग फुलते ती कपाटात, विजेच्या दिव्याखाली. आमच्या चिरंजीवांनी हौसेने चार कुंड्या मांडल्या. एक झाड नर निघाले. दोघांना दमट हवेने बुरशी आली. चौथ्याला दिवे वेळीअवेळी लागल्यामुळे की काय, मादी असूनही नरफुले आली आणि त्यात बी धरले. “मामा, तुमच्या इतिहासात यावर काही उपाय आहे का?” मी म्हटले, “आहे. पारखी बोलाव!” पण कपाटाआड बाग करणाऱ्याला शेजारी कुठला आणि पारखी कुठला? पुढल्या उन्हाळ्यात त्याने त्याच कुंड्यांत इथून नेलेली अंबाडी पेरली. ती मात्र झकास आली. तिचे पान पाहून शेजारचा साहेब डोळे मिचकावून गेला. त्याला भाजीची वाटी दिली तेव्हा, आंबट लागूनही, ती त्याने मोठ्या आशेने संपवली म्हणे!

हसण्यावारी न्यावे असे इकडे मात्र काही नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा घातक द्रव्यांच्या यादीत गेला. आपल्या देशाने जुन्या प्रथेसाठी पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली होती. ती सरत आली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कायदा अमलात आला. त्याच्या व्याख्येत तुरे आले. तुऱ्यांवाचून असलेली पाने आणि बी बाहेर राहिली. झाड लावणे मात्र गुन्हा: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

अधूनमधून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. उसाच्या फडात किंवा तुरीच्या पाटात गांज्याची झाडे सापडली, शेतकरी अटकेत. ती वाचताना मला त्या छापील कागदावरचा रकाना आठवतो. कारण: गांजा. रकाना भरला, काम संपले. पण ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, त्या भागातल्या कोरडवाहू माणसाने चार झाडांचा मोह का धरला, हे कोणी विचारते का? गुन्हा तो गुन्हाच. घरची तरणी पोरे नशेला लागलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्यापुढे मी गांज्याची वकिली करणार नाही. पण नशेचा मोठा व्यापार करणारा आणि बांधावर चार झाडे लावणारा हे दोघे दप्तरात एकाच आडनावाने नांदू नयेत, एवढेच माझे म्हणणे. १८९३ च्या परकीय कमिशनला जे जमले, म्हणजे एकेका माणसाची वेगळी हकीकत विचारणे, ते आपल्याला अवघड का वाटावे?

झाडाच्या बाबतीत सरकार हळूहळू पारख शिकते आहे. उत्तराखंडात २०१८ पासून नशाहीन जातीच्या भांगेची धाग्यासाठी परवान्याने लागवड होऊ लागली. तिच्या बियांना २०२१ साली अन्न म्हणून मान्यता मिळाली. दोर वेगळा, चिलीम वेगळी, हे कळायला पुष्कळ वर्षे लागली.

आणि अंबाडी? तिच्यावर कोणी खटला भरला नाही, तरी ती हरलीच. नायलॉनचे दोर आले, बैल कमी झाले, आणि साल कुजत घालायला ओढ्यात पाणी राहीनासे झाले. तासातली अंबाडी गेली. तरी तिने हार मानलेली नाही. दोराचा धंदा बुडाल्यावर ती भाजीच्या वाफ्यात सरकली, आणि आठवडी बाजारात अजून जुडी-जुडीने बसलेली दिसते. विकणाऱ्या बाईला मी एकदा सहज विचारले, “मावशी, हे पान गांज्यासारखं दिसतं, ठाऊक आहे का?” जुडीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, “दिसंना का बापडं. तोंडात घालून बघा, मंग कळंल.”