आचाऱ्यांचा ऱ आणि तलावातला गाळ



मागल्या आठवड्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं ते फुकटातलं सॉफ्टवेअर वापरता. कुणी एक पैसा घेत नाही, मग ते लोक तुम्हाला मदत तरी का करतात? आणि या वयात तुम्ही त्यांची कामं का करत बसता?" फोनवर धड उत्तर जमलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मास्तरकीची सवय, त्यामुळे सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय त्याने स्वतःच प्रोग्रॅममध्ये बदल करून केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. अडकायचा तोही, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण 'कुणाला देणार नाही' असं त्याने लिहून दिलेलं. त्याने नकार दिला. तो नकार स्टॉलमनच्या फार जिव्हारी लागला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. वापरा, आत काय आहे ते पाहा, दुरुस्त करा, वाटा. १९८९ साली या विचाराचा रीतसर परवाना झाला, जीपीएल नावाचा. त्यातली मुख्य अट अशी की, आपण सुधारून वाटलं तर पुढच्यालाही तेच हक्क द्यायचे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपलं लिनक्स लोकांपुढे ठेवलं आणि वर्षभरात तेही याच परवान्याखाली आणलं. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र पुढचं, १९९८ सालचं.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे या लोकांना आजवर खुलासे करत बसावं लागतं. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. मराठी इथे जास्त शहाणी आहे :)

आता माझी गोष्ट. मी २००९ साली निवृत्त झालो. मुलाने त्याचा जुना संगणक साकोलीला आणून ठेवला होता, तो इतका मंद की चहा होऊन जायचा तरी सुरू होत नसे. एका माजी विद्यार्थ्याने सुचवलं, "सर, उबुंटू टाकून बघा." त्या काळी उबुंटूची सीडी मागितली की घरपोच यायची, टपालखर्चसुद्धा नाही. (ही सोय २०११ मध्ये बंद झाली.) पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा मी खिशात हात घातला, तर तो म्हणाला, "काही द्यायचं नाही, गुरुजी." मला ते खरंच वाटेना.

संगणक सुरू झाला, मराठीही उमटू लागली. आणि मग घोटाळा झाला. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा हिशेब मी टाइप केला होता. त्यात 'आचाऱ्यांना मजुरी' असं लिहायचं होतं. कागदावर आलं 'आचार्यांना मजुरी'! आमचे निवृत्त मुख्याध्यापक कागद वाचून म्हणाले, "कोणत्या आचार्यांना मजुरी दिली हो?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनात खटकलं. जन्मभर मुलांना 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला फरक शिकवला आणि आता माझ्याच कागदावर ही चूक.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या सॉफ्टवेअरच्या मंडळींना लिहिलं. काय लिहिलं? तर "मराठी नीट येत नाही." बस्स. उत्तर आलं एका मराठी मुलाकडून. आवृत्ती कोणती, फाँट कोणता, कळफलक कोणता, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं? खरं सांगतो, राग आला. मदत मागितली तर हा माझी परीक्षा घेतो! रात्री आठवलं की, पोरगं "सर, गणित जमत नाही" म्हणालं की मी काय विचारायचो? "कुठपर्यंत जमलं ते आधी दाखव." तेच त्याने मला विचारलं होतं. सकाळी उठून सगळं क्रमवार लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की रफार येतो. आपला डोक्यावर न चढणारा ऱ हवा असेल, तर इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबायचा, मग हलन्त, मग य. इतकंच! चूक यंत्राची नव्हती, माझी होती.

पण त्याने पुढे जे लिहिलं ते महत्त्वाचं. हिंदीत हा ऱ लागत नाही, त्यामुळे फाँट बनवणाऱ्याच्या तो लक्षात राहीलच असं नाही. मराठी माणसानेच ते सांगावं लागतं. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या 'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर कुणी 'ऍ' लिहायचं, कुणी अ वर चंद्र चढवायचं. आपली भाषा संगणकावर कुणा एकाने आणली नाही. २००० च्या सुमारास 'इंडलिनक्स'ची मंडळी भारतीय भाषांसाठी धडपडू लागली, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फाँट खुले केले. आणि या सगळ्यांच्या मागे 'इथे अक्षर चुकतंय' असं कळवणारे अनेक लोक होते.

शेवटी त्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही मराठी शिकवायचे ना? आमची भाषांतरं तपासाल?"

अशी माझी भरती झाली. डिस्कवर शिल्लक राहिलेल्या जागेला कुणीतरी 'मुक्त जागा' म्हटलं होतं, तिथे मी 'मोकळी जागा' सुचवलं. ते लगेच मान्य झालं. मग उत्साहाच्या भरात 'फाइल'ला 'धारिका' सुचवलं. पोरांनी नम्रपणे नाकारलं: "सर, हा शब्द कुणी बोलत नाही." मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी आमच्या सौ.नी विचारलं, "अहो, पेन्शनची फाइल कुठे ठेवली?" मी मुकाट्याने 'फाइल' मान्य केली.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी पुण्याला नाही, भंडाऱ्याला यावं लागेल. आपला जिल्हा तलावांचा. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी दोन्हीकडचे तलाव एकाच जिल्ह्यात होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे गेले. गावकरी पाणी घ्यायचे, आणि पाळ खचली, पाट बुजला की तेच लोक फावडी घेऊन जायचे. पाणी घेणं आणि गाळ काढणं ही दोन कामं नव्हतीच. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, पण तिच्याबरोबर 'तलाव आपला आहे' ही भावनाही आटली. आज कितीतरी 'मामा तलाव' गाळाने उथळ झालेत. आमच्या लहानपणी ज्या पाण्यात उतरायला भीती वाटायची, तिथे उन्हाळ्यात आता गुरं उभी असतात.

सॉफ्टवेअरचंही असंच होतं. २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या प्रोग्रॅममधली 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक उघडकीस आली. जगभरातल्या संकेतस्थळांची सुरक्षितता त्यावर अवलंबून होती, आणि सांभाळणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. पाणी सगळ्यांनी घेतलं, गाळ काढायला कुणी आलं नाही.

तर बाळा, ते लोक मला मदत का करतात? कारण कधीतरी त्यांनाही कुणीतरी शिफ्ट धरून र दाबायला सांगितलेलं असतं. आणि मी का करतो? आज माझे गुडघे पाळीवर चढू देत नाहीत. पण खुर्चीत बसून घमेलंभर गाळ मला अजून काढता येतो. मागच्या महिन्यातच लाखनीच्या एका शिक्षिकेने विचारलं, "सर, 'तऱ्हा' कशी लिहायची?" मी आधी विचारलं, "कळफलक कोणता आहे, ताई?"

असो. लेख लांबला. तुम्हाला कुठे मराठी अक्षर चुकलेलं दिसलं, तर नुसतं हळहळू नका; काय दाबलं, काय दिसलं ते लिहून संबंधितांना कळवा. तेवढाच तुमच्या वाटचा गाळ निघेल.