गोगलगाय नि पोटात पाय

नातू शिकायला पुण्याला गेला आणि जाताना आपला फिशटँक माझ्या गळ्यात मारून गेला. दोन फुटांची काचेची पेटी. तळाला बारीक खडी, तिच्यात लावलेल्या पाणवनस्पती, दहा-बारा गप्पी आणि सहा निऑन टेट्रा. "आबा, रोज चिमूटभर खाणं टाका, बाकी काही करायचं नाही," असं सांगून स्वारी बसमध्ये बसली.

मी मास्तर माणूस. 'बाकी काही करायचं नाही' हे आमच्या स्वभावात नाही. बीडच्या दुकानातून एक नवी वनस्पती आणून लावली. महिन्याभरात काचेवर तांदळाच्या कणीएवढे ठिपके चालू लागले. गोगलगायी! पानाखाली चिकटलेल्या त्यांच्या अंड्यांचा बुळबुळीत थेंब मला दिसला नव्हता. एका रात्री विजेरी लावून मोजल्या, तर समोरच्या एकाच काचेवर एकेचाळीस भरल्या. सौ. म्हणाल्या, "मासे पाळलेत का गोगलगायी?"

नातवाला फोन लावला. त्याचं उत्तर तयारच होतं. "आबा, पफर मासा आणा नाहीतर लोच. गोगलगायी फस्त करतात." दुकानदारही मागवून द्यायला तयार होता. पण माझा हात काही पुढे होईना. त्याचं कारण सांगण्यासाठी थोडा इतिहास उगाळावा लागेल. जुनी खोड आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आज आपण ज्या गोगलगायीला हाकलायला निघालो आहोत, ती या काचपेटीत मुळात मानाने आली होती. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्याने बारा गॅलनच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीने माशांना प्राणवायू द्यावा आणि माशांच्या विष्ठेवर वनस्पतीने वाढावं, असा हिशेब. पण कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागलं. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं आणि त्यांची अंडी-पिल्लं माशांना खाऊ झाली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय अशा तिघांचा तो संसार होता. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घराघरांत या पेट्यांचं वेड शिरलं.

त्याच सुमारास दुसरी एक गोगलगाय आपल्या देशात आली, तीही एका हौशी माणसाच्या हातून. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आफ्रिकेतली मोठी गोगलगाय कलकत्त्याला आणली आणि ती चौरंगीच्या एका बागेत सुटली. हेतू वाईट नव्हता, नुसती हौस होती. तिथून ती हळूहळू देशभर पसरत गेली.

२०२२ च्या खरिपात आपल्या बीड, लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात कुरतडली, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. माझ्या पुतण्याचं अंबाजोगाईकडे रान आहे. पेरणी करून रोपं दोन पानांवर आली आणि सकाळी पाहतो तो ओळीच्या ओळी साफ. दुबार पेरणी केली, तीही अर्धी गेली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधाच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची, असे उपाय घरातली बायकापोरं महिनाभर करत होती. सरकारने मदत जाहीर केली, पण गेलेला हंगाम काही परत येत नाही. एका संध्याकाळी बांधावर बसून पुतण्या म्हणाला, "काका, हिला खाणारं काहीतरी आणून सोडता येत नाही का हो?"

हा प्रश्न त्याच्या आधी पुष्कळांनी विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर पॅसिफिक महासागरातल्या बेटांनी महागात घेतलं आहे. याच आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करण्यासाठी हवाई बेटांत १९५५ साली अमेरिकेतली एक गोगलगायखाऊ गोगलगाय आणून सोडली. ताहितीत ती १९७४ मध्ये आणि शेजारच्या मोओरिआ बेटावर १९७७ मध्ये सोडली. तिने काय केलं? मोठ्या आफ्रिकन गोगलगायीमागे लागण्यापेक्षा तिला तिथल्या पार्टुला नावाच्या चिमुकल्या, झाडांवर राहणाऱ्या गोगलगायी सोप्या वाटल्या. दहाएक वर्षांत मोओरिआच्या रानातून पार्टुलाच्या साती जाती नाहीशा झाल्या. शास्त्रज्ञांनी काही आधीच उचलून प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या होत्या म्हणून त्यांचा वंश राहिला. २०१५ पासून त्यांतल्या काहींना पुन्हा बेटांवर सोडायला सुरुवात झाली.

पण परक्यांचे दोष कशाला काढू? माझं स्वतःचं एक पाप आहे, ते आज लिहून टाकतो.

रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. तेव्हा सिकंदराबाद आणि आपलं बीड दोन्ही निजामाच्याच राज्यात होती, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. त्या शोधानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात आले आणि १९२८ मध्ये इटलीमार्गे मूळचा अमेरिकेचा गॅम्बुशिया आला. १९८० च्या सुमारास मी ज्या गावी शिक्षक होतो, तिथे वेशीजवळ पायऱ्यांची जुनी बारव होती. डास फार, तापाचे रोगी घरोघर. कुणीतरी सांगितलं, 'डासांचे मासे' मिळतात. मी सातवीची पोरं घेऊन गेलो आणि घागरीतून ते मासे आणून बारवेत सोडले. नारळ फोडला, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. डास कमी झाल्यासारखे वाटले. सगळे म्हणाले, मास्तरांनी चांगलं काम केलं.

दोन-तीन वर्षांनी पोरांच्या गळाला लागणारी बारीक देशी मासळी दिसेनाशी झाली. पावसाळ्यात काठावर वळवळणारी बेडकांची पिल्लंही कमी झाली. बारवेचं पाणी त्या वर्षांत आटतही होतं, तेव्हा सगळा दोष मी सोडलेल्या माशांचाच असं नाही म्हणता येत. पण गॅम्बुशिया दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पिल्लं खातो, हे मी फार उशिरा वाचलं. सोडण्याआधी विचारायला हवं होतं, 'डास संपले की हा काय खाईल?' इतिहास शिकवणाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून आता हाच प्रश्न पेटीतल्या माशांसाठी विचारला. केरळचा बुटका पफर गोगलगायी आवडीने खातो, पण गप्पींच्या लांब शेपट्याही कुरतडतो. मिश्र कुटुंबात तो भांडखोर दीर! क्लाउन लोच सुमात्रा-बोर्निओकडचा. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पुढे फूटभर होतो, आणि माझी पेटीच दोन फुटांची. गोल्डफिश सोडला तर गोगलगायींआधी वनस्पतीच संपतील. राहिला पट्टेवाला झेब्रा लोच. शांत, चार-पाच बोटांएवढा, खडीत तोंड खुपसून गोगलगायी ओढून काढणारा. हा आपल्याच पश्चिम घाटातला! कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत, कोल्हापूरकडेही सापडतो. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पण तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिवाय तो एकटा राहत नाही, पाच-सहा तरी हवेत. माझ्या काचेवरच्या एकेचाळीस गोगलगायींसाठी कृष्णेच्या खोऱ्यातले सहा मासे उचलायचे? मन घेईना.

मग पुन्हा वॉरिंग्टनकडे गेलो. गोगलगायी इतक्या वाढल्या कशावर? माझ्यावरच! नातवाने चिमूटभर सांगितलं होतं, मी मायेने मूठभर टाकत होतो. तळाशी साचलेलं खाणं त्यांच्या पोटात जात होतं. खाणं निम्म्यावर आणलं, कुजकी पानं काढली आणि रात्री कोबीचं उकडलेलं पान दोऱ्याने पाण्यात सोडू लागलो. सकाळी त्याला पाच-पंचवीस गोगलगायी चिकटलेल्या. पुतण्याचं गोणपाट ते हेच. मात्र त्या ओढ्यात किंवा नालीत टाकल्या नाहीत. मिठाच्या पाण्यात बुडवून कुंडीत पुरल्या.

दोन महिने लागले. काल रात्री विजेरीने मोजल्या, सहा भरल्या. म्हणजे वॉरिंग्टनने सोडल्या होत्या जवळपास तेवढ्याच! तेवढ्या राहू देत. काच स्वच्छ ठेवतात बिचाऱ्या.

नातवाला कळवलं. तो म्हणाला, "आबा, पफर आणला असता तर आठवड्यात काम झालं असतं." झालं असतं खरं. पुतण्याला मात्र अजून उत्तर देता आलेलं नाही. शेत म्हणजे काही काचेची पेटी नव्हे, आणि तिथे खाणं कमी टाका असंही सांगता येत नाही. पाऊस पडला की तो पुन्हा गोणपाटं भिजवेल. यंदा वेचायला मीही जाणार आहे.

असो. तुमच्याकडे कुणी काही वेगळा उपाय करून पाहिला असेल, तर जरूर कळवा.