आयटीपी : कोणाला होतो, हे कसे कळत गेले

आयटीपी (इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया) या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेटवर उलटते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. या आजारात त्या एक लाखाच्या खाली जातात. फारच घटल्या की अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते.

१७३५ साली हॅनोव्हरच्या पॉल वेर्लहोफ या वैद्याने अशा ठिपक्यांचे आणि रक्तस्रावाचे नेमके वर्णन केले. कारण सांगणे त्याला शक्यच नव्हते. प्लेटलेट म्हणजे काय, हे इटलीच्या बिझोझेरोने दाखवले ते १८८२मध्ये. १९१६ साली प्राग येथे काझ्नेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सुचवले, की प्लेटलेट प्लीहेत नष्ट होत असाव्यात, तेव्हा प्लीहाच काढून पाहावी. अशा शस्त्रक्रियेनंतर एका रुग्ण बाईच्या प्लेटलेट वाढल्या. पण प्लीहा त्या का नष्ट करते, हा प्रश्न राहिलाच. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या एका रुग्ण स्त्रीचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, आकडी आली. सावरायला काही दिवस लागले. जिवावर बेतलेल्या त्या प्रयोगाने दोष रुग्णाच्या रक्तद्रवात असल्याचे दाखवले. तो दोष म्हणजे स्वतःच्याच प्लेटलेटवर चालून जाणारी प्रतिपिंडे, हे पुढे सिद्ध झाले.

ही प्रतिपिंडे कोणाच्या शरीरात तयार होतात, याचा उलगडा तुकड्यातुकड्याने झाला. ल्युपससारख्या आजारात ती सापडली. १९८२मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना समलिंगी पुरुषांत हा आजार अचानक जास्त दिसू लागला. त्यामागे एचआयव्ही होता, हे नंतर कळले. हिपॅटायटिस सीही यादीत आला. १९९८ साली इटलीत जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू मारल्यावर काही रुग्णांच्या प्लेटलेट वाढल्या. काही रक्तकर्करोगांशीही संबंध दिसला. तरीही बहुसंख्य रुग्णांत असे एकही मूळ सापडत नाही. कारण अज्ञात असलेला आजार, असे सांगणारे जुने नाव तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९मध्ये बदलले आणि प्रतिकारशक्तीचा उल्लेख नावात आणला.

वय आणि लिंग यांचाही वाटा आहे. लहान मुलांत, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या वयात, सर्दी-तापासारख्या विषाणूसंसर्गानंतर एक ते चार आठवड्यांत हा आजार उद्भवतो आणि बहुतेकांत सहा महिन्यांत आपोआप जातो. गोवर-गालगुंड-रुबेला लशीनंतरही क्वचित होतो, पण खुद्द गोवराचा धोका त्याहून कितीतरी मोठा. त्यासाठी लस टाळणे चूकच. तरुण वयात स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा जास्त होतो, साठीनंतर दोघांतही वाढतो. तो संसर्गजन्य नाही.

मुंबईच्या उपनगरांत या आजाराची ओळख पटणे अवघड जाते ते पावसाळ्यात. अंधेरी असो, मुलुंड असो वा बोरिवली, प्लेटलेट घटल्या की संशय डेंग्यू-मलेरियाचा येतो, आणि बहुधा तो खराच असतो. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने किंवा मलेरियावरच्या क्विनाइननेही प्लेटलेट घसरू शकतात. क्विनाइनचा हा दुष्परिणाम १८६५पासून नोंदलेला आहे. औषधाने होणारी ही घट वेगळी मोजली जाते, कारण औषध थांबवल्यावर ती भरून येते. आयटीपीत मात्र बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही त्याच प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात, म्हणून रक्तपेढीची धावाधाव गंभीर रक्तस्रावाखेरीज सहसा कामी येत नाही. उपचाराची सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते.

डेंग्यूतल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत पूर्वपदावर येतात. त्यानंतरच्या सीबीसी या रक्ततपासणीतही आकडा एक लाखाच्या खालीच असेल, तर रक्तविकारतज्ज्ञाला दाखवावे, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्यावी आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस सीच्या चाचण्या करून घ्यायला संकोचू नये.