फ्रान्समधील उग्र भयपटांचा उदय

रंगभूमीवर मृत्यु प्रत्यक्ष दाखवूं नये, असा दंडक आपल्याकडील नाट्यशास्त्रकारांनीं घालून दिला आहे. सतराव्या शतकांतील फ्रेंच नाट्याचार्यांचें मतही याहून निराळें नव्हतें. रासीनच्या 'फेद्र' या १६७७ सालच्या शोकनाटकांत तरुण राजपुत्र इपोलित आपल्याच घोड्यांमागें फरफटत जाऊन प्राणास मुकतो. परंतु ही घटना प्रेक्षकांच्या दृष्टीस पडत नाहीं. त्याचा शिक्षक तेरामेन रंगमंचावर येऊन ती केवळ शब्दांनीं निवेदन करतो. औचित्याची इतकी चाड बाळगणाऱ्या या देशांतूनच एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतले अत्यंत उग्र व रक्तरंजित भयपट बाहेर पडावेत, हें प्रथमदर्शनीं मोठें कोडें वाटतें. पॅरिसमधील एका चिमुकल्या नाट्यगृहाचा इतिहास पाहिला म्हणजे तें बरेंचसें उलगडतें.

पॅरिसच्या पिगाल भागांत एका गल्लीच्या टोकाला एक जुनें प्रार्थनामंदिर होतें. १८९७ सालीं ऑस्कार मेतेनिए या लेखकानें तेथें 'ग्राँ-गिन्योल' नांवाचें नाट्यगृह उघडलें. गिन्योल हा लियोन शहरांतील बाहुल्यांच्या खेळाचा लोकप्रिय नायक. तेव्हां 'थोरला गिन्योल' म्हणजे थोरांसाठीं मांडलेला बाहुल्यांचा खेळ, असा या नांवाचा ध्वनि होता. तीनशेंहूनही कमी आसनें, छताखालीं देवदूतांच्या जुन्या आकृति आणि त्यांच्या नजरेसमोर खून, वेड व सूड यांचे प्रयोग, असा तेथील थाट असे. १८९८ सालीं माक्स मोरे याच्या हातीं सूत्रें आलीं आणि नाट्यगृहाला भयाची कायमची दीक्षा मिळाली. किती प्रेक्षक मूर्च्छित पडले यावरून तो प्रयोगाचें यश मोजीत असे, असें सांगतात. त्यानें तेथें एक डॉक्टरही नेमून ठेविला होता.

या रंगभूमीचा प्रमुख नाटककार आंद्रे द लोर्द हा दिवसा आर्सेनाल ग्रंथालयांत ग्रंथपालाचें शांत काम करी. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळें जगद्विख्यात झालेला मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने याच्याशीं सहकार्य करून त्यानें कांहीं नाटकें लिहिलीं. त्याच्या नाटकांत भुतेंखेतें जवळजवळ नाहींतच. तेथें आहेत वेड्यांचीं इस्पितळें, शस्त्रक्रियेचीं मेजें आणि वरकरणीं सभ्य दिसणारीं माणसें. भीति परलोकांतून येत नसून शेजारच्या खोलींतून येते, ही या नाट्यगृहाची शिकवण पुढील सर्व फ्रेंच भयपटांच्या मुळाशीं आहे. एक भयनाट्य झालें कीं लगेच एक प्रहसन, असा ऊनगार पाण्याच्या स्नानासारखा तेथील कार्यक्रम असे. कार्माइन रंग आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणानें तेथील रक्त तयार होई. पॉला माक्सा ही अभिनेत्री तर या रंगमंचावर दहा हजारांहून अधिक वेळा मारली गेली, असें म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या नाट्यगृहाची कळा उतरली. बुखेनवाल्डसारख्या छळछावण्यांत जें प्रत्यक्ष घडलें त्यापुढें रंगमंचावरील कल्पित क्रौर्य फिकें पडलें, अशी मीमांसा त्याच्या शेवटच्या संचालकानेंच केली होती. १९६२ सालीं तें बंद झालें.

परंतु परंपरेचा धागा तुटला नाहीं. तो चित्रपटानें उचलला होता. जॉर्ज फ्रांजू या दिग्दर्शकानें १९४९ सालीं पॅरिसच्या कत्तलखान्यांवर एक लघुपट काढला होता, आणि १९६० सालीं त्याचा 'चेहरा नसलेले डोळे' या अर्थाच्या नांवाचा चित्रपट प्रदर्शित झाला. अपघातांत विद्रूप झालेल्या आपल्या कन्येला नवें मुख मिळावें म्हणून एक नामांकित शल्यविशारद निरपराध तरुणींचे चेहरे सोलून काढतो, ही त्याची कथा. क्रौर्याच्या तळाशीं पितृप्रेम असावें, हा या कथेचा दारुण विशेष होय. एडिंबरोच्या महोत्सवांत हा चित्रपट पाहतांना अनेक प्रेक्षकांना मूर्च्छा आली. समीक्षकांनीं त्या वेळीं नाकें मुरडलीं. आज त्याची गणना अभिजात कृतींत होते.

पुढील चाळीस वर्षांत फ्रान्समध्यें भयपट तुरळकच निघाले. १९७५ सालच्या कायद्यानें अश्लील चित्रपटांबरोबरच हिंसेला चिथावणी देणाऱ्या चित्रपटांनाही वेगळ्या वर्गांत टाकून त्यांवर जबर कर बसविला. निर्मिति रोडावली तरी रसिक मात्र तयार होत होते. 'मॅड मूव्हीज' हें नियतकालिक १९७२ सालीं सुरू झालें; आल्प्स पर्वतांतील आव्होरियाझ येथें १९७३ पासून अद्भुत चित्रपटांचा वार्षिक महोत्सव भरूं लागला; आणि पुढें व्हिडिओ फितींमुळें अमेरिकन व इटालियन भयपट घरोघर पोंचले. या फिती पाहत वाढलेलीं मुलें इ. स. २००० च्या सुमारास स्वतः कॅमेऱ्यामागें उभीं राहिलीं.

त्याच वर्षीं वादाची ठिणगी पडली. व्हिर्जिनी देपांत व कोराली त्रिन थी या दोन स्त्रियांनीं दिग्दर्शित केलेला 'बेझ-म्वा' हा चित्रपट, ज्याचें नांवही सभ्य मराठींत उतरविणें कठीण, जून २००० मध्यें प्रदर्शित झाला. एका संघटनेच्या तक्रारीवरून फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानें अवघ्या दोन दिवसांत त्याचा परवाना रद्द केला. या निर्णयानें एक पेच उघडकीस आला. सोळा वर्षांखालील प्रेक्षकांना मनाई आणि विशिष्ट वर्गांत टाकून होणारी जवळजवळ संपूर्ण बंदी, या दोहोंमध्यें कायद्याला तिसरी पायरीच उरली नव्हती. अखेर २००१ सालीं अठरा वर्षांची मर्यादा पुनश्च अस्तित्वांत आली.

पाठोपाठ क्लेर दनी हिचा 'ट्रबल एव्हरी डे' २००१ सालीं, तर गास्पार नोए याचा 'इर्रेव्हेर्सिब्ल' २००२ सालीं कान महोत्सवांत झळकला आणि दोहोंनीं खळबळ उडविली. २००४ सालीं जेम्स क्वांट या समीक्षकानें अशा सर्व चित्रपटांना मिळून 'नवा फ्रेंच अतिरेक' असें नांव दिलें. त्यानें तें दूषण म्हणून दिलें होतें. रसिकांनीं तें बिरुद म्हणून मिरविलें.

या प्रवाहांतील चार चित्रपट भयपटप्रेमींना विशेष प्रिय आहेत. पहिला आलेक्सांद्र आजा याचा 'ओत तांसियों' (२००३). एकाकी शेतघरावर रात्रीं येणारा मारेकरी आणि त्याच्यापासून मैत्रिणीला सोडवूं पाहणारी तरुणी, एवढ्याशा कथानकावर त्यानें प्रेक्षकांचा श्वास रोखून धरला. दुसरा आलेक्सांद्र ब्युस्तियो व ज्युलियें मोरी यांचा 'आ लांतेरियर' (२००७). नाताळच्या आदल्या रात्रीं एक अनोळखी स्त्री एका गरोदर विधवेच्या घरांत तिच्या पोटांतील मूल हिरावून नेण्यासाठीं शिरते. बाहेर शहरांत दंगली पेटलेल्या आहेत. तिसरा झाव्हिए जां याचा 'फ्राँतिएर' (२००७). अतिउजव्या पक्षाच्या उदयानें उसळलेल्या दंगलींतून पळालेले तरुण सरहद्दीवरील खाणावळींत आसरा घेतात, तों ती एका नात्सीपंथी कुटुंबाची निघते. २००२ सालीं अतिउजवा उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचला होता आणि २००५ सालीं पॅरिसच्या उपनगरांत आठवडेच्या आठवडे दंगली माजल्या होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या भयकथांच्या मागें कोणतें वास्तव उभें आहे तें वेगळें सांगावयास नको.

चौथा चित्रपट पास्काल लोझिए याचा 'मार्तिर' (२००८). बालपणीं अनन्वित छळ सोसलेली एक मुलगी आणि तिची मैत्रीण यांच्या कथेंतून एक गुप्त मंडळ उघडकीस येतें. यातनांच्या पराकाष्ठेला पोंचलेल्या जीवाला मरणापलीकडचें दर्शन घडतें, या समजुतीनें तें मंडळ तरुणींचे पद्धतशीर हाल करीत असतें. परीक्षक समितीनें या चित्रपटाला अठरा वर्षांची मर्यादा सुचविली. असें झाल्यास अनेक चित्रपटगृहें व दूरचित्रवाणी यांचीं दारें बंद होऊन या प्रकारच्या चित्रपटांना यापुढें भांडवलच मिळणार नाहीं, अशी ओरड चित्रपटव्यावसायिकांनीं केली. संस्कृतिमंत्र्यांनीं फेरविचार करावयास लाविलें आणि शेवटीं मर्यादा सोळांवर आली. एका आंकड्याचा हा वाद वरकरणीं क्षुल्लक दिसला तरी एका संपूर्ण कलाप्रकाराचें जीवित त्यावर अवलंबून होतें.

एवढें होऊनही स्वदेशांत या चित्रपटांना बेताचाच प्रेक्षकवर्ग लाभला. त्यांचे खरे चाहते परदेशांत निघाले. आजासारखे दिग्दर्शक अमेरिकेस गेले आणि २०१० च्या सुमारास ही लाट ओसरली. पण तिचें पाणी जमिनींत मुरलें होतें. ज्युलिया द्युकुर्नो हिचा 'ग्राव' (२०१६) शाकाहारी घरांत वाढलेल्या विद्यार्थिनीची मानवी मांसाची ओढ दाखवितो. तिच्याच 'तितान'ला २०२१ सालीं कानचा सर्वोच्च सुवर्णताड लाभला. २०२४ सालीं कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या 'द सब्स्टन्स' या इंग्रजी भाषेंतील चित्रपटाला कान येथें उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें. ज्या प्रकाराच्या आरंभीं परवाना रद्द झाला, त्याच्याच वारसांचा वीस-पंचवीस वर्षांत असा सन्मान झाला.

या साऱ्यांतून रासीनचा दंडक खोटा ठरतो काय? आपल्या साहित्यशास्त्रानें भयानक आणि बीभत्स या दोहोंनाही रसांत स्थान दिलें आहे. परंतु जुगुप्सा हा नुसता भाव असून तिचा रस होण्यास कांहीं अर्थ जोडावा लागतो. केवळ रक्त सांडण्यासाठीं रक्त सांडणारे अनेक चित्रपट या लाटेंत निघाले आणि ते विसरलेही गेले. फ्रांजूचा शल्यविशारद, द्युकुर्नोची विद्यार्थिनी आणि लोझिएच्या त्या दोन मैत्रिणी मात्र स्मरणांत राहतात. कारण त्यांच्या देहावरील जखमांइतकेंच त्यांचें एकाकीपणही तेथें दिसतें. दुःख दाखवावें कीं सांगावें, हा वाद पुढेंही चालेल. तें दुःख कोणाचें आहे याचा विसर न पडूं देणें, हें मात्र दोन्ही पक्षांवर सारखेंच बंधनकारक आहे.